ढिगाच्या वरचा कागद

"आदी गेलेला कागद खाली जातो, बाय. मागनं गेलेला वर ऱ्हातो."

दुबईतल्या देरा भागातल्या त्या सामायिक स्वयंपाकघरात चाचांनी मला हे किती वेळा ऐकवलं असेल, त्याला गणती नाही. हातात सुलेमानी चहाचा ग्लास, खांद्यावर पंचा, आणि जगातलं एकमेव सत्य आपल्याला सापडलंय नि ते आपण फुकट वाटतोय असा चेहरा. ऑफिसात अर्ज एकावर एक पडतात, साहेब वरचा उचलतो. मग शेवटच्या दिवशी शेवटी गेलेल्या माणसाचं काम सगळ्यांत आधी होणार, हे साधं गणित लोकांना का कळत नाही याचं त्यांना मनापासून आश्चर्य वाटे. पुरावा मागितला तर मला मासळीबाजारात नेत. "ढिगाच्या वरचा बांगडा बघ. शेवटच्या होडीचा. खालचा सकाळचा, त्याचे डोळे बघ कसे झालेत." यात कुठेतरी काहीतरी चुकतंय हे मला जाणवायचं, पण बांगडा खरोखरच ताजा निघायचा, आणि तळलेला बांगडा ताटात असताना मी वाद घालत नाही.

चाचा खेडजवळच्या एका खाडीकाठच्या गावचे. देऱ्यातल्या एका ट्रेडिंग कंपनीत ते मंदूब होते, म्हणजे कंपनीच्या माणसांचे व्हिसे, कार्डं, शिक्के यांसाठी सरकारी कचेऱ्यांत खेटे घालणारा माणूस. आयुष्यभर दुसऱ्यांचे कागद वेळेत पोचवणं हा त्यांचा धंदा, आणि कुठलाही कागद शेवटच्या दिवसाच्या आधी हातातून सोडायचा नाही हे व्रत. तीन खोल्यांचा फ्लॅट त्यांच्या नावावर होता. एका खोलीत ते, एकीत आम्ही तिघं, तिसरीत माणसं बदलत असत.

आम्ही काही तिथे हौसेने गेलो नव्हतो. माझा नवरा नितीन अल क्वोजमधल्या एका बांधकाम कंपनीत इंजिनियर होता. मंदी आली आणि कामं होती तिथे थांबली. साईटवरच्या परांच्या, फळ्या, जाळ्या परत येऊन कंपनीच्या यार्डात रचल्या जायला लागल्या. एक दिवस घरी येऊन नितीन म्हणाला, "आज यार्डात गाडी लावायला जागा नव्हती. आता माणसं परत पाठवतील." पगार आधी उशिरा यायला लागला, मग अर्धा. शारजातला दोन बेडरूमचा फ्लॅट सोडून आम्ही चाचांच्या एका खोलीत आलो. आमची ईशा तेव्हा सात वर्षांची होती. खोली बघून ती म्हणाली, "व्हेअर इज द रेस्ट ऑफ द हाउस?"

"गावाला हाय," चाचा म्हणाले. "सुट्टीत जाशील तवा बघ."

चाचांच्या मनगटावर कायम गावची वेळ असायची. दुबईपेक्षा दीड तास पुढे. "बीवी आता भाकरी थापते का झोपली, ते कळाय नको?" असं म्हणायचे. त्यामुळे कुणी वेळ विचारली की ते घड्याळ बघत, डोळे मिटून दीड तास वजा करत, आणि मग सांगत. तोवर विचारणारा निघून गेलेला असे.

पण त्यांचं खरं दालन म्हणजे त्यांची खोली. पलंग सोडला तर तिथे पाय ठेवायला जागा नव्हती, कारण ती अमानतींनी भरलेली होती. आखातात पोस्टापेक्षा माणसावर भरवसा जास्त. कोणी गावी निघालं की त्याच्या हाती लोक वस्तू पाठवतात: कुणाच्या आईला रक्तदाब मोजायचं यंत्र, कुणाच्या बहिणीला साडी, कुणाच्या पोराला फुटबॉल. हे सगळं चाचांकडे जमा व्हायचं, आणि योग्य माणूस मिळेपर्यंत तिथेच राहायचं. योग्य म्हणजे कसा, ते फक्त चाचांना माहीत. "तो नको, तो विमानात झोपतो." "त्याचा हात थरथरतो." अशाने एका लग्नाचा आहेर पोचला तेव्हा त्या जोडप्याचं पोरगं शाळेत जायला लागलं होतं. मात्र पोचला. चाचांकडे दिलेली वस्तू हरवली असं कोणी कधी सांगितलं नाही. फक्त घाई असेल तर त्यांच्याकडे देऊ नये, एवढं सगळ्या देऱ्याला ठाऊक होतं.

हे शेवटचं वेड आलं कुठून, ते त्यांनी एकदा सांगितलं. चाचा आखातात आले ते लाँचमधून, मिसरूड फुटायच्या वयात. तेव्हा त्यांच्याजवळ ना पासपोर्ट ना व्हिसा. लाँचवाल्याने पहाटे खोर फक्कानच्या किनाऱ्याजवळ आणून सगळ्यांना सांगितलं, उतरा. लोक धडाधड छातीभर पाण्यात उतरले आणि किनाऱ्याकडे पळाले. चाचा मात्र आपली एक चप्पल शोधत लाँचमध्येच राहिले.

"नवी चप्पल. आवशीनं घेऊन दिलेली. टाकून कसा जाणार?"

"मग?"

"मग काय? आदी गेले त्यांना पोलिसांनी धरला. गाडी भरली नि गेली. मी चप्पल घेऊन उतरलो तवा किनाऱ्यावर चिटपाखरू नाय. चालत गेलो."

सबंध आयुष्य ज्याने लोकांचे व्हिसे केले, तो स्वतः असा विनाव्हिसा आला होता. नंतर रीतसर कागद झाले, पण धडा पक्का बसला तो बसलाच. आता अशा माणसाला वेळेचं महत्त्व कोण शिकवणार?

आणि गंमत म्हणजे त्यांचं सगळं पार पडायचं. ईशाच्या व्हिसाचं नूतनीकरण त्यांनी अखेरच्या दिवशी, खिडकी बंद व्हायच्या बेतात केलं, नि संध्याकाळी पासपोर्ट ओट्यावर ठेवून म्हणाले, "खलास." मी सकाळपासून पाणीसुद्धा प्यायले नव्हते. नितीन तर त्यांचा भक्तच झाला. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, आमची काडी स्वतःच पाण्यात चप्पल शोधणारी होती.

आमच्याकडे वाट एकच उरली होती, कॅनडा. मी फिजिओथेरपिस्ट. दुबईत परवान्याच्या भानगडीत माझं काम सुटलं होतं ते सुटलंच, पण कॅनडाला हव्या असलेल्या कामांच्या यादीत माझं काम होतं. आणि ती यादी बंद होणार होती. एका सोमवारी, तिथलं ऑफिस मिटायच्या आत अर्ज हातात पडला तर ठीक, नाहीतर पुढच्या यादीत आपण असू की नसू हे कोणी सांगावं? इथे नितीनची नोकरी गेली की व्हिसा गेला, व्हिसा गेला की ईशाची शाळा गेली. पुण्यात परत जायचं तर मंदी तिथेही आमच्या आधी जाऊन बसलेली. मी रोज रात्री अर्जाचं पाकीट उघडून कागद लावायचे, परत बंद करायचे. देवाला नव्हता एवढा वेळ मी त्या पाकिटाला दिला.

एकच कागद अडला होता, पुण्याच्या हॉस्पिटलचा अनुभवाचा दाखला. तो आला मंगळवारी. मी म्हटलं, बुधवारी सकाळी कुरियर करते.

चाचांनी ग्लास खाली ठेवला. "कुरियरवाला किती दिवस बोल्ला?"

"तीन वर्किंग डे."

"मग बुधवारी कशाला? गुरुवारी संध्याकाळी टाकू. शुक्रवार सुट्टी. शनवार, रव्वार, सोमवार. तीन झाले. बरोबर सोमवारी पोचेल, सगळ्यांच्या मागनं. एकदम वर!"

नितीनने बोटांवर मोजलं. मी मोजलं. बरोबर तीन. तीन शहाणी माणसं, त्यातला एक इंजिनियर, एक पदवीधर आणि एक जन्मभर कागद हाताळलेला, स्वयंपाकघरात उभी राहून बोटं मोजत होती आणि एकालाही काही खटकलं नाही. पाकीट चाचांनी स्वतःच्या गादीखाली ठेवलं. दाबून सपाट झालं की वर नीट बसतं म्हणे.

गुरुवारी दुपारी चहाच्या सुमाराला टोरंटोहून शुभदाचा फोन आला. शुभदा माझी कॉलेजपासूनची मैत्रीण, तिथे ती नुकतीच उठली होती. "पोचलं का गं पाकीट?" तिने विचारलं.

"आज टाकतोय. शनिवार, रविवार, सोमवार. सोमवारी पोचतंय."

मग ती म्हणाली, "शनिवार-रविवार कोण ऑफिस उघडतं गं?"

इतकी वर्षं शुक्रवारी सुट्टी घेऊन, रविवारी सकाळी डबे भरून, ईशाला रविवारीच बसमध्ये बसवून आम्ही साफ विसरलो होतो की उरलेलं जग रविवारी झोपतं. लहानपणीचे सगळे रविवार, उशिरा उठणं, मटणाचा वास, दुपारची झोप, हे सगळं आम्ही इकडे येऊन विसरलो होतो. तिथल्या हिशेबाने शुक्रवार, सोमवार, मंगळवार. पाकीट मंगळवारी पोचणार होतं.

मी चाचांना सांगितलं. ते पलंगावर बसले. "रव्वारी दुनिया झोपते," ते हळूच म्हणाले, "ते मी विसरलोच गो." मला त्यांचा एवढा राग आला होता की बोलले असते तर फ्लॅट सोडावा लागला असता. म्हणून मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटली. नितीन कुरियरवाल्याशी फोनवर हुज्जत घालत होता. कुरियरवाला म्हणे, सर, मंगळवार, इन्शाल्ला.

त्या 'इन्शाल्ला'ने चाचा उठले. पाकीट काखेत मारलं, पायात चपला सरकवल्या. "बाय, मैत्रिणीला बोल, उद्या विमानतळावर ये. टोरंटोच्या विमानतळावर."

"कोणाला घ्यायला?"

"ते अजून माहीत नाय. यल्ला!"

आम्ही टॅक्सीने विमानतळावर गेलो. संध्याकाळचं एक विमान युरोपात थांबून टोरंटोला जाणारं होतं. चाचा रांगेच्या कडेने चालायला लागले. माणसांकडे बघतच नव्हते, ट्रॉल्यांकडे बघत होते. मी दोघा-तिघांना इंग्रजीत विचारलं तर ते माझ्यापासून दोन पावलं दूर सरकले, आणि त्यांचं काही चुकलं नाही. अनोळखी माणसाचं जाडजूड पाकीट कोण नेईल? एवढ्यात चाचा थांबले. एका ट्रॉलीवर, दोन बॅगांच्या मधे, फडक्यात बांधलेली मोठी बरणी होती.

"बरणी म्हंजे आपला मानूस," ते माझ्या कानात म्हणाले.

बरणीची मालकीण साठीच्या पुढची एक आजी होती. पंजाबी ड्रेस, पायात पांढरे बूट, कपाळावर ठसठशीत टिकली. दुबईतल्या मुलाकडून टोरंटोतल्या मुलीच्या बाळंतपणाला चालली होती. मुलगा घामाघूम झाला होता, कारण सामानाचं वजन जास्त भरत होतं. "आई, किलोला किती दिरहॅम लावतात माहितीये का? रुपयांत कर! एवढ्यात तिकडे लोणच्याचं दुकान येईल!"

चाचांनी सलाम केला, आणि कसलीही प्रस्तावना न करता ट्रॉलीवरच पाकीट उघडलं. दडवण्यासारखं काही नाही हे दाखवायचा त्यांना तोच मार्ग ठाऊक होता. माझी पदवी, आमच्या लग्नाचा दाखला, ईशाचा जन्मदाखला, नितीनचे पासपोर्ट साईझचे भीषण फोटो, सगळं त्यांनी आजींपुढे पसरलं. आजींचा मुलगा म्हणाला, "आई, असं कोणाचं काही न्यायचं नसतं. सिक्युरिटी आहे."

आजींनी चष्मा लावला. एकेक कागद वाचला. मार्कशीट जरा जास्तच वेळ वाचली. "फर्स्ट क्लास आहे. पण दुसऱ्या वर्षी कमी का?"

"टायफॉइड झाला होता," मी म्हटलं. विमानतळाच्या रांगेत उभी राहून मी दुसऱ्या वर्षाचं स्पष्टीकरण देत होते.

"फिजिओथेरपी म्हणजे गुडघ्यांचंच ना ते? माझे दोन्ही गेलेत. तिकडे आलीस की बघशील?"

"रोज येऊन बघेन, आजी. पाकीट सोमवारच्या आत पोचलं तर."

"पण हे किलोभर तरी आहे," आजी म्हणाल्या, "आणि माझंच जास्त होतंय."

तेवढ्यात चाचांनी बरणी उचलली. "ही माज्याकडं ऱ्हाऊ दे. अमानत. पुढचा मानूस जाईल त्याच्या हाती पाठवतो."

"आई, मी नेतो ना बरणी घरी," मुलगा म्हणाला.

"तू आठवड्यात फस्त करशील," आजी म्हणाल्या, आणि मुलीचा पत्ता चाचांना लिहून दिला. मुलगा आभाळाकडे, म्हणजे विमानतळाच्या छताकडे बघत राहिला. आजींनी माझं पाकीट हातातल्या पिशवीत, गुडघ्याच्या पट्ट्यांच्या खाली ठेवलं आणि आत गेल्या. परत येताना टॅक्सीत चाचा बरणी मांडीवर घेऊन बसले होते. वेग जरा वाढला की ड्रायव्हरला म्हणत, "आहिस्ता भाई, तेल है."

शुक्रवारी शुभदाने आजींना विमानतळावर गाठलं, आणि ऑफिस लांब दुसऱ्या गावी असल्याने तिथूनच पाकीट पुढच्या कुरियरला दिलं. तिथल्या कुरियरला तिथलाच एक रविवार पार करायचा होता. सोमवारी, तिथल्या दुपारी, पाकीट पोचल्याचा तिचा फोन आला. मी स्वयंपाकघरात खाली बसून रडले. चाचा दारात उभे होते. म्हणाले, "दुपारी? म्हंजे अगदी शेवटी नाय. पण वरच असेल."

पुढे झालं ते असं, की आमच्या कितीतरी आधी अर्ज केलेली ओळखीची दोन कुटुंबं वाट बघत राहिली आणि आम्हाला आधी बोलावणं आलं. का, ते देव जाणे. मी चाचांपासून ही बातमी लपवायचा विचार केला होता, पण नितीनने फोडली. त्यानंतर महिनाभर त्या घरात राहणं अवघड झालं होतं. तिसऱ्या खोलीतल्या माणसांनासुद्धा रोज ढीग ऐकावा लागला.

बरणी मात्र चाचांच्या कपाटावरच होती. मधे टोरंटोला जाणारे दोघे मिळाले होते. एकाला चाचांनी नापास केलं, दुसऱ्याने बरणीतलं तेल बघून चाचांना नापास केलं. नितीन एकदा चमचा घेऊन त्यांच्या खोलीत शिरला होता. त्याला त्यांनी हाताला धरून बाहेर आणलं आणि दोन दिवस त्याच्याशी बोलले नाहीत.

आम्ही निघालो त्या दिवशी विमानतळावर लवकर पोचलो, तर चाचा आमच्याही आधी येऊन बसलेले. फडक्यात बांधलेली बरणी मांडीवर. जन्मात कुठे आधी न गेलेला माणूस. मी म्हटलं, "चाचा, घड्याळातले दीड तास वजा करायला विसरलात का?"

"नाय," ते म्हणाले. "कागद मागनं द्यायचा. मानसाला आदी भेटायचं." मग ईशाला त्यांनी जवळ घेतलं. ती इंग्रजीत काहीतरी बोलली, ते कोकणीत काहीतरी बोलले, दोघांनाही कळलं. मला चाचा फार आवडायचे, हे मला तिथे, त्या खुर्च्यांच्या रांगेत कळलं, आणि मी ते त्यांना सांगितलं. ते लाजले.

आता बरणी आमच्या सामानात. वजन अर्थातच जास्त भरलं. काहीतरी काढायला हवं होतं, आणि सगळ्यांत जड होता माझ्या आईचा लोखंडी खलबत्ता. नितीन तो घेऊच नको म्हणत होता. मी तो बॅगेतून काढून चाचांपुढे धरला. "तुम्हीच वापरा, चाचा."

"वापरणार कसा? अमानत हाय ती," चाचा म्हणाले. "पाठवतो."

लोखंडी खलबत्ता कॅनडाला! मी हसले आणि आत गेले.

टोरंटोला पोचल्यावर पहिल्याच रविवारी, इथे ती खरंच सुट्टी असते, मी आजींच्या मुलीकडे बरणी नेली. बाळ दुडुदुडु चालत होतं. आजींनी झाकण उघडून वास घेतला, बोट बुडवून चाखलं, म्हणाल्या, "मुरलंय छान." मग सोफ्यावर बसून दोन्ही पाय माझ्यापुढे पसरले. त्यांचे गुडघे मी अजून बघते.

चाचांशी फोनवर बोलणं व्हायचं, आमचा पत्ताही त्यांनी लिहून घेतला होता. पुढे ती देऱ्याची इमारत पाडली, त्यांचा नंबर लागेना. खेडचा पत्ता मी कधी विचारलाच नव्हता. वर्षं गेली. ईशा माझ्यापेक्षा उंच झाली.

मागच्या हिवाळ्यात एका दुपारी दाराची घंटा वाजली. बाहेर एक मल्याळी बाई उभी होती, अंगावर नवाकोरा जाड कोट, हातात फडक्यात बांधलेलं काहीतरी. ते दोन्ही हातांनी सांभाळत ती वाकली होती. तिने माझं नाव विचारलं. मग ते गाठोडं माझ्या हातात असं दिलं की मीही वाकले.

"दुबई से आयी हूँ. नर्स हूँ. एक चाचा है, देरा में," ती धापा टाकत म्हणाली. "बोला, ये आपका है. बोला, सॉरी, थोडा लेट हो गया."

मी तिथेच, उघड्या दारात, बर्फ आत येत असताना फडकं सोडलं. आईचा खलबत्ता. तेल लावून ठेवलेला, कुठे गंज नाही.

तिला आत घेतलं, चहा केला. चाचा तिकडेच आहेत, दुसऱ्या इमारतीत, तीच गाठोडी घेऊन. गावी कधी जाणार विचारलं तर म्हणतात, खोली रिकामी झाली की. कप हातात घेऊन ती थोडी घुटमळली. मग म्हणाली, माझी बॅग जड झाली म्हणून मला माझं एक सामान त्यांच्याकडे ठेवावं लागलं.

"क्या रखा?"

"इडली का कुकर. मम्मी का था."

मी तिच्या कपात आणखी चहा ओतला.

"आयेगा," मी म्हणाले.